ऑइल पॅनजवळून जाणाऱ्या एक्झॉस्टची उष्णता: मोजायची कशी, अडवायची कशी

होंडाची डी आणि बी मालिकेतली चार सिलिंडरची इंजिनं आडवी बसतात आणि त्यांचा एक्झॉस्ट पुढे, रेडिएटरच्या बाजूला असतो. सायलेन्सर मात्र गाडीच्या शेपटीला. त्यामुळे पाइपला मागे जायला वाट एकच उरते, ती म्हणजे ऑइल पॅनच्या पुढून उतरून त्याच्याखालून. आपल्याकडे अजूनही हौसेने तयार केली जाणारी २००३ पूर्वीची होंडा सिटी १.५ व्हीटेक याच जातीची. मूळ ओतीव मॅनिफोल्ड काढून ४-२-१ हेडर (चार नळ्या दोनांत आणि मग एकात मिळणारा नळ्यांचा एक्झॉस्ट) बसवला की चार पातळ नळ्या चेंबरच्या, म्हणजे ऑइल पॅनच्या, तोंडासमोर येतात, आणि मूळ मॅनिफोल्डवर असलेला उष्णता अडवणारा पत्रा त्यावर बसत नाही म्हणून तो गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतो. इथून पुढच्या बहुतेक कटकटींना सुरुवात होते.

सुबारूच्या ईजे बॉक्सर (डावी-उजवीकडे आडवे सिलिंडर असलेल्या) टर्बो इंजिनात रचना वेगळी असली तरी अडचण तीच. डाव्या हेडमधला वायू आडव्या पाइपने इंजिनाखालून उजवीकडे टर्बोकडे नेतात आणि तो पाइप पॅनच्या शेजारून जातो. होंडाने पुढे के-मालिकेत एक्झॉस्ट मागच्या, म्हणजे फायरवॉलच्या बाजूला नेला, तेव्हा पॅनखालचा हा प्रवास संपला. या लेखात उदाहरण म्हणून समोरून एक्झॉस्ट असलेलं आडवं इंजिन घेतलं आहे. मोजमाप, पत्रा आणि अंतर यांचे नियम इतर इंजिनांनाही लागू पडतात.

उष्णता पॅनपर्यंत पोहोचते कशी

पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर असताना एक्झॉस्ट वायूचं तापमान ८५० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. उघड्या हेडरच्या नळीचा बाहेरचा पृष्ठभाग जोरात चालवताना ५०० ते ७०० अंशांवर असतो. या तापमानाला उष्णतेचा मोठा वाटा किरणोत्सर्गाने, म्हणजे न शिवता किरणांच्या रूपात येतो, आणि हा किरणोत्सर्ग केवल (केल्विनमधल्या) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो. आकडा घालून पाहू. गंजट, काळपट पोलादी नळी ३०० अंशांवर असेल तर ती दर चौरस मीटरला सुमारे ५ किलोवॉट बाहेर टाकते. तीच नळी ६०० अंशांवर गेली की हा आकडा २६ किलोवॉटच्या आसपास जातो. थर्मामीटरवर दुप्पट, उष्णतेत पाचपटीहून अधिक. म्हणून शहरात वर्षभर काही न झालेली गाडी ट्रॅकवर किंवा घाटात दहा मिनिटं जोरात पळवली की चेंबरचं पॅकिंग गळायला लागतं.

दुसरी वाट गरम हवेची. गाडी धावत असताना पुढून येणारी हवा हेडरला शिवून तापते आणि तीच पॅनवर आदळते. तरी एकंदर हिशेबात वाहती हवा फायद्याचीच, कारण ती दोघांनाही थंड करते. वाईट वेळ असते जोरात पळवून गाडी एकदम उभी केल्यावरची. हवा थांबते, नळ्या मात्र तापलेल्याच राहतात आणि त्यांची सगळी धग पॅनवर येते.

तिसरी वाट गळतीची. ही सर्वांत धोकादायक, आणि नेमकी हीच तपासायची राहून जाते. हेडरच्या जोडावरचं पॅकिंग फुंकलेलं असेल आणि सातशे अंशांचा झोत थेट पॅनवर येत असेल, तर कितीही पत्रा लावा, उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट आधीच पक्की डोक्यात ठेवायची. तेलातली बहुतेक उष्णता पिस्टनच्या खालच्या बाजूकडून आणि बेअरिंगांमधून येते, आणि पॅन ती हवेत सोडतो. म्हणजे पॅन हाही एक छोटा कूलर आहे. पाइपपासून वाचवण्याच्या नादात तो सगळा गुंडाळून टाकला, तर बाहेरची उष्णता कमी आणि आतली कोंडलेली जास्त, असा उलटा प्रकार होतो. आडोसा फक्त त्या बाजूला करायचा, जिथून पॅनला पाइप दिसतो.

आधी मोजा

तेलाचं तापमान आणि पॅनच्या पत्र्याचं तापमान ही दोन वेगळी मोजमापं आहेत आणि दोन्ही लागतात.

तेलासाठी ऑइल फिल्टरच्या खाली बसणारी सँडविच प्लेट आणि त्यात सेन्सर हा चांगला मार्ग. होंडाच्या या इंजिनांवर फिल्टरचा आटा एम२० × १.५ असतो, ईजेवरही तोच. बाजारात ड्रेन बोल्टच्या जागी बसणारे सेन्सरही मिळतात (होंडाला एम१४ × १.५), पण ते इथे टाळावेत. एक तर ते गतिरोधकाला सर्वांत आधी लागतात. दुसरं म्हणजे ते पॅनच्या तळाशी, पाइपच्या धगीतच असतात, त्यामुळे कधी कधी तेलाऐवजी बोल्टचं डोकं किती तापलंय तेच दाखवतात. सेन्सर घेताना आटा बघून घ्या. जपानी गेजचे सेन्सर बहुधा १/८ पीटी आट्याचे असतात, अमेरिकी १/८ एनपीटी. पहिले दोन आटे हाताने सहज बसतात आणि पुढे पाना लावला की ॲल्युमिनियमची प्लेट चिरते.

पॅनच्या पत्र्यासाठी सर्वांत स्वस्त आणि खात्रीचं साधन म्हणजे तापमानाची चिकटपट्टी. तिच्यावरचे ठिपके ठरावीक अंशाला कायमचे काळे पडतात. ११० ते २०० अंशांच्या पल्ल्यातल्या चार पट्ट्या घ्या. एक हेडरसमोरच्या बाजूला, एक तळाला, एक मागच्या बाजूला आणि एक कडेच्या पॅकिंगजवळ. आधी थिनरने तेलाचा अंश पुसून घ्या, नाहीतर पट्टी पहिल्याच फेरीत गळून पडते.

इन्फ्रारेड गन वापरायची असेल तर तिची खोड माहीत हवी. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खूप कमी आकडा दाखवते, कारण बहुतेक गनमध्ये पृष्ठभागाची उत्सर्जकता (उष्णता किरणांनी बाहेर टाकायची क्षमता) ०.९५ धरलेली असते. मोजायच्या जागी नाण्याएवढा मॅट काळा ठिपका रंगवा आणि त्यावरच नेम धरा. गनवर १२:१ लिहिलं असेल तर ३६ सेंटिमीटरवरून ती ३ सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी देते. लांबून मारली की पॅनसोबत पाइपही मोजला जातो. स्वस्त गन ३८० अंशांच्या आसपास थांबतात, हेडरसाठी त्या निरुपयोगी. तिथे के-प्रकारची थर्मोकपल (तापमान मोजणारी) तार स्टेनलेस क्लिपने नळीवर आवळा.

चाचणी एकाच रस्त्यावर, शक्यतो एकाच वेळी करा आणि बाहेरचं तापमान लिहून ठेवा. नागपूरच्या मे महिन्यातला आकडा आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरमधला आकडा शेजारी ठेवून काही कळत नाही.

आकड्यांचा अर्थ साधारण असा लावा. तेल ९० ते ११० अंश असेल तर उत्तम. १२० पर्यंत जोरात चालवताना ठीक. १३० च्या वर वारंवार जात असेल तर काहीतरी करायला हवं, कारण तेलाच्या ऑक्सिडेशनचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. तेल ठीक आहे पण पॅनची हेडरकडची बाजू मागच्या बाजूपेक्षा २० ते २५ अंशांनी जास्त तापते, तर दोष पाइपच्या धगीचा. दोन्ही बाजू सारख्याच आणि तेल १३५, तर उष्णता इंजिनातूनच येते आहे. तिथे पत्रा लावून काही होणार नाही, कूलर लागेल. हा फरक न तपासता थेट महागडा कूलर बसवणारे पुष्कळ आहेत. तेल थंड होतं, पॅकिंग तरी जळतच राहतं.

पाइप इतका का तापतोय, ते आधी

इग्निशन टायमिंग मागे पडलं असेल तर ज्वलन उशिरा होतं आणि उरलेली आग एक्झॉस्टमध्ये जाते. टायमिंग बेल्ट एक दात चुकून बसलेला, नॉक सेन्सर (इंजिनातली ठकठक ओळखणारा) टायमिंग सतत मागे ओढतोय, किंवा ट्यूनरने सावधगिरी म्हणून जास्तच मागे ठेवलंय, ही नेहमीची कारणं. मिसफायर असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतं आणि कन्व्हर्टर लालभडक होतो. तुंबलेला कन्व्हर्टरही मागचा दाब वाढवून हेडर तापवतो. उपाय म्हणून कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. पीयूसीची अडचण आहेच, शिवाय तुंबण्याचं मूळ कारण (बहुधा तेल जळणं किंवा मिसफायर) तसंच राहतं.

गळती तपासायला थंड इंजिन हवं. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडात कापड गुंडाळून बसवा आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे आले तिथे गळती. काजळीचा काळा पंखा दिसला तरी तेच. हेडर हेडला धरणारे एम८ नट होंडात ३१ न्यूटन-मीटरला आवळतात. हेडर बदलताना नवे नट आणि नवं पॅकिंग घ्या, जुने नट गरम-थंड होऊन आपली पकड घालवून बसलेले असतात.

अंतर

नळीपासून पॅनपर्यंत २५ मिलिमीटर मोकळी जागा असेल तर निम्मं काम झालं. १५ च्या आत असेल तर पत्रा हवाच. १० च्या आत असेल तर पत्र्यालाही जागा उरत नाही. अशा वेळी हेडर बदला किंवा नळी कापून पुन्हा वळवून घ्या.

थंड असताना मोजलेलं अंतर खरं नसतं. इंजिन रबरी माउंटवर डुलतं. हेडर इंजिनालाच जोडलेला असल्याने फ्लेक्स पाइपपर्यंत (मधल्या लवचिक तुकड्यापर्यंत) तो पॅनबरोबरच हलतो, पण फ्लेक्सच्या पुढचा पाइप आणि सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) हलत नाहीत. शिवाय पाइप तापून लांब होतो. स्टेनलेस ३०४ चा एक मीटर पाइप ५०० अंशांनी तापला तर साडेआठ मिलिमीटर वाढतो, साधं पोलाद सहा. ही वाढ कुठे जाईल, ते पाइपच्या वळणावर अवलंबून असतं. बऱ्याचदा ती वर, चेंबरकडेच जाते.

खरं अंतर पाहायची सोपी युक्ती म्हणजे घट्ट मळलेल्या कणकेचे गोळे. थंड इंजिनावर संशयाच्या जागी गोळे दाबून ठेवा, गाडी जमिनीवर आणा, इंजिन बंद ठेवून पहिल्या गिअरमध्ये टाका आणि दोघांनी पुढे-मागे जोराने ढकला. कॉम्प्रेशनमुळे इंजिन माउंटवर डुलतं. मग गाडी पुन्हा घोड्यांवर (स्टँडवर) चढवून गोळ्यांची सर्वांत पातळ जागा व्हर्निअरने मोजा आणि त्यातून तापून होणाऱ्या वाढीचे ५ मिलिमीटर वजा करा. फरक फार मोठा आला तर माउंट खलास आहेत. आधी ते बदला.

हेडरच्या खालच्या बाजूवर खरचटल्याच्या खुणाही पाहा. आपल्याकडचे गतिरोधक खाली लोंबणारा हेडर एका फटक्यात सेंटिमीटरभर वर ढकलतात. पॅनला नळी टेकली की कंपनाने पत्रा झिजतो आणि भोक पडतं, उष्णता वेगळीच.

पत्रा: खरं काम इथे

ऑइल पॅनसाठी सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे चकचकीत पत्रा, दोन्ही बाजूंना हवेची फट ठेवून. कारण साधं आहे. काळपट पाइप आणि काळपट पॅन यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी चकचकीत ॲल्युमिनियम आलं की गणिताप्रमाणे किरणोत्सर्ग नव्वद टक्क्यांहून जास्त घटतो. प्रत्यक्षात तापलेली हवा कडेने वळून येते, म्हणून इतका लाभ होत नाही, तरी तो इतर कुठल्याही उपायापेक्षा मोठा असतो. त्याच पत्र्यावर धूळ आणि तेलाचा थर बसला की तो आधीच्या चार-पाच पट उष्णता पुढे जाऊ देतो. म्हणजे पत्रा पुसणं हे देखभालीचंच काम आहे.

कुठला पत्रा? हेडरसमोर ०.८ ते १ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम चालतं. ते ६६० अंशांना वितळतं, म्हणून लाल होणाऱ्या टर्बोच्या किंवा कन्व्हर्टरच्या अगदी जवळ ०.५ मिलिमीटरचं स्टेनलेस ३०४ घ्या. गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको, जस्त ४२० अंशांना वितळतं आणि त्याआधीच थर उडायला लागतो. जागा असेल तर ०.५ चे दोन पत्रे, मध्ये ४ मिलिमीटर हवा, ही जोडी एका जाड पत्र्यापेक्षा चांगली. मध्ये सिरॅमिक लोकर भरलेले तयार शील्डही मिळतात आणि कोरड्या हवेत छान चालतात. कोकणात किंवा पावसाळ्यात रोज पाण्यातून जाणाऱ्या गाडीत मात्र ही लोकर पाणी आणि तेल पिऊन बसते. तिथे नुसती हवा बरी.

पुठ्ठ्यापासून सुरुवात करा. खोक्याचा पुठ्ठा पॅनसमोर धरून आकार कापा. एक उभी बाजू हेडरच्या नळ्यांसमोर, आणि तळाशी ६० ते ८० मिलिमीटरची आडवी जीभ, जी पाइप पॅनखाली जातो तिथे दोघांच्या मध्ये येईल. पॅनची मागची बाजू आणि दोन्ही कडा मोकळ्या सोडा, तिथून हवा खेळायला हवी. पुठ्ठ्यावरच ड्रेन बोल्टसाठी खिडकी कापा, सॉकेट आणि पाना फिरेल एवढी.

आता फटी. पत्रा ते पाइप कमीत कमी १२ मिलिमीटर, पत्रा ते पॅन कमीत कमी ८ ते १०. एकूण जागा २५ मिलिमीटर असेल तर हे जेमतेम बसतं. जागा कमी असेल तर पाइपकडची फट जपा, पॅनकडची थोडी कमी झाली तरी चालेल, पण टेकू देऊ नका. टेकलेला पत्रा उष्णता सरळ पॅनला देतो.

पत्रा कात्रीने कापल्यावर सर्व कडा ६ मिलिमीटर आत दुमडा. त्याने हात कापत नाहीत, आणि मुख्य म्हणजे कडेपासून चिरा सुरू होत नाहीत. मोठ्या सपाट भागावर लाकडी ठोकळ्यावर ठोकून दोन-तीन उभ्या खाचा उठवा. सपाट पत्रा ठरावीक आरपीएमला थरथरतो आणि महिन्याभरात बोल्टच्या भोकापाशी फाटतो. दोन आधारांमध्ये १५० ते २०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको.

बसवताना पॅनच्या कडेचे एम६ बोल्ट मोहात पाडतात. त्यांच्याखाली सरळ पत्रा दाबून टाकणं ही नेहमीची चूक. पत्रा तापून-निवून ढिला होतो, त्याबरोबर पॅकिंगवरचा दाबही जातो आणि चेंबर गळू लागतं. त्याऐवजी हेडरच्या बाजूचे तीन बोल्ट काढून तिथे ४० ते ४५ मिलिमीटर लांबीचे एम६ स्टड बसवा. पहिला फ्लँज नट पॅनला धरेल, १० ते १२ न्यूटन-मीटर, तो पुन्हा हलवायचा नाही. त्यावर १० मिलिमीटरची पोलादी नळीची कापलेली बुश, मग पत्रा, मग १८ मिलिमीटर व्यासाचा मोठा वायसर आणि दुसरा नट. म्हणजे पत्र्याचा भार आणि पॅकिंगचा दाब यांचा एकमेकांशी संबंध राहत नाही. हे नट नायलॉकचे नकोत, त्यातलं नायलॉन १२० अंशांच्या पुढे मऊ पडतं. पूर्ण धातूचे लॉकनट घ्या. पत्र्याची भोकं गोल न ठेवता ७ × १० मिलिमीटरची लांबट ठेवा, एकच गोल. पत्र्याला वाढायला जागा मिळते. रिव्हेट लागलेच तर पोलादी.

पत्रा एकाच वेळी इंजिनाला आणि सबफ्रेमला बांधू नका, पहिल्याच जोरदार क्लचला फाटेल. सबफ्रेमलाच लावायचा असेल तर डुलण्यासाठी १५ ते २५ मिलिमीटर जादा जागा सोडा.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट उताराची. खालची जीभ किंचित तिरपी ठेवा आणि तिचा सर्वांत खालचा कोपरा पाइपवर येणार नाही असा ठेवा. पॅकिंग कधीतरी पाझरणारच. ते थेंब जिभेवर साठले तरी वाईट आणि तिथून नेमके तापलेल्या पाइपवर टपकले तर त्याहून वाईट. पाचशे-सहाशे अंशांच्या नळीवर इंजिन तेल धूर करून थांबतंच असं नाही, पेटही घेतं.

गुंडाळपट्टी: इथे हात आखडता

हेडरला पट्टी गुंडाळणं लोकप्रिय आहे, दिसायलाही रुबाबदार. पॅनपासून दूर, डाउनपाइपच्या (खाली उतरणाऱ्या पाइपच्या) वरच्या भागावर ती खरंच उपयोगी पडते. पॅनच्या नेमक्या खाली मात्र ती शेवटचा पर्याय समजावी. पॅकिंगमधून पाझरलेलं तेल पट्टी दिव्याच्या वातीसारखं शोषून घेते आणि तापलेल्या नळीला चिकटवून धरते. दुसरं, आतली उष्णता बाहेर न पडल्याने नळीचा धातू आधीपेक्षा जास्त तापतो. साध्या पोलादाच्या हेडरवर पावसाळ्यात पट्टीखाली ओल राहते आणि दोन-तीन पावसाळ्यांत नळी पापुद्र्यांनी सोलते. ओतीव मॅनिफोल्डला पट्टी लावली तर तडा जाण्याची शक्यता वाढते.

तरीही लावायची ठरली तर स्टेनलेस हेडरवर, बेसॉल्ट तंतूची ५० मिलिमीटर रुंद पट्टी घ्या. लांबीचा हिशेब करा. ५१ मिलिमीटर व्यासाच्या पाइपचा घेर १६० मिलिमीटर. प्रत्येक फेऱ्यात १२ मिलिमीटर पट्टी आधीच्या फेऱ्यावर चढली तर ३८ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे एक मीटर पाइपला २६ फेरे, सव्वाचार मीटर, आणि वळणं-टोकं धरून पाच मीटर. जाड थर देऊ नका, दोन पदर झाले की धातू आणखी भाजतो. काचतंतूची पट्टी असेल तर दहा मिनिटं पाण्यात भिजवा, वाकते चांगली आणि धूळ कमी उडते. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि एन९५ मास्क लागतोच.

मागच्या टोकाकडून सुरू करून पुढे, हेडकडे या. अशाने प्रत्येक फेऱ्याची उघडी कड मागे तोंड करून राहते आणि पुढून येणारं पाणी-माती आत शिरत नाही. ४.६ मिलिमीटरच्या स्टेनलेस टाय दोन्ही टोकांना आणि दर २० सेंटिमीटरला. ऑक्सिजन सेन्सर आणि जोडांचे नट झाकू नका. पहिल्यांदा तापताना १०-२० मिनिटं धूर येतो, तो पट्टीतल्या चिकट द्रव्याचा. गाडी उघड्यावर ठेवा आणि अग्निशामक हाताशी. पुढे कधीही पट्टीवर तेल सांडलं, तर धुऊन-वाळवून वापरायचं नाही, काढून फेकायची.

सिरॅमिक कोटिंग पट्टीपेक्षा खर्चिक, पण पॅनजवळ जास्त योग्य. ते तेल शोषत नाही. हेडर नवा असतानाच करून घ्या, वाळूच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ करून, शक्य असल्यास आतूनही. स्प्रेच्या डब्यातला उष्णतारोधक काळा रंग म्हणजे कोटिंग नव्हे. उलट मॅट काळा पृष्ठभाग जास्त किरणोत्सर्ग करतो. गंजापासून वाचवायला तो ठीक, उष्णतेसाठी काहीच नाही.

सोनेरी किंवा चंदेरी चिकट फॉइल थेट पॅनवर लावायची कल्पनाही बाजूला ठेवा. तेलाच्या अंशावर गोंद टिकत नाही, सुटलेला तुकडा पाइपवर जाऊन पडतो, आणि त्याखाली सुरू झालेली गळती किंवा चीर दिसत नाही. ती फॉइल ऑक्सिजन सेन्सरच्या तारांच्या नळीला, स्टार्टरच्या केबलला वापरा, तिथे ती कामाची. ड्राइव्हशाफ्टचे रबरी बूट पाइपजवळ असतील तर त्यांनाही छोटा पत्रा द्या.

पॅकिंग, तेल, कूलर

पॅकिंगचं रबर कुठलं ते महत्त्वाचं. साधं नायट्राइल रबर १०० ते १२० अंशांपुढे कडक होऊ लागतं, एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर) सुमारे २०० पर्यंत टिकतं, सिलिकॉनही साधारण तितकंच. कडक झालेलं पॅकिंग बोल्ट आणखी आवळून बंद होत नाही, पॅनची कड वाकते आणि गळती वाढते. काढा, कड सपाट फळीवर ठोकून सरळ करा, नवं बसवा. होंडाच्या रबरी पॅकिंगला सर्वत्र सीलंट फासायची गरज नसते, कंपनीने सांगितलेल्या कोपऱ्यांवर थेंबभर पुरे.

१३० अंशांच्या आसपास राहणाऱ्या तेलासाठी ३० ऐवजी ४० ग्रेड, एचटीएचएस (तापलेल्या तेलाचा ताणाखालचा घट्टपणा) ३.५ किंवा जास्त, म्हणजे एसीईए या युरोपीय मानकाच्या ए३/बी४ वर्गातलं सिंथेटिक घ्या आणि बदलण्याचं अंतर निम्म्यावर आणा. ईजेवर तेल बदलताना फिल्टर हेडरच्या वेढ्यात असतो. काढताना खाली फॉइलची पन्हळ करून धरा, नाहीतर सांडलेलं तेल पुढचे दोन दिवस धूर देईल.

कूलर बसवायचाच झाला तर थर्मोस्टॅट असलेली प्लेट घ्या, जी ८० अंशांच्या आसपास उघडते. बिनथर्मोस्टॅटचा कूलर रोजच्या छोट्या फेऱ्यांत तेल तापूच देत नाही आणि त्यातलं पाणी उडत नाही. होज हेडरपासून किमान १०० मिलिमीटर दूर न्या. जमत नसेल तर सिलिकॉनचा थर दिलेली काचतंतूची फायरस्लीव्ह (उष्णतारोधक बाही) चढवा.

बसवल्यानंतर

नव्या चिकटपट्ट्या लावून तीच चाचणी, त्याच रस्त्यावर. हेडरकडच्या आणि मागच्या बाजूतला फरक १० अंशांच्या आत आला तर पत्रा काम करतोय. फरक गेला पण तेलाचं तापमान चढलं, तर पत्रा फार मोठा झालाय आणि हवा अडते आहे. कडेने पत्रा कापून लहान करा. इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर काढून ठेवलेलं असेल तर तेही परत लावून मोजा. काही गाड्यांत ते हवा पॅनकडे वळवतं, काहींत कोंडतं.

१०० किलोमीटरवर आणि नंतर ५०० वर पत्र्याचे नट तपासा, पॅनच्या फ्लँज नटला हात न लावता. दर तेल बदलाला पत्र्याच्या दोन्ही बाजू डीग्रीझरने पुसा आणि भोकांभोवती केसाएवढ्या चिरा आहेत का ते बॅटरीच्या उजेडात पाहा. चीर दिसली की तिच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून तात्पुरतं भागवता येतं, पण मग पुढच्या वेळी आधार वाढवून नवा पत्राच करा.